पाच दुकानांचा मालक

माणसाला मूर्ख बनवायला पुण्याहून कोणी यावं लागतं असं नाही. आमच्या ह्यांना ते घरबसल्या जमतं. तरीही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक माणूस खास त्याच कामासाठी आला, टोकदार बूट घालून, आणि आमच्या ह्यांनी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं.

तळेऱ्याच्या नाक्यावर, हायवे सोडून देवगडकडे वळलं की डाव्या हाताला माझी खाणावळ आहे. माझी म्हणजे माझीच. लायसन्स माझ्या नावावर, पहाटे मासळी मी पारखून घेते, खोबऱ्याचं वाटप मी वाटते, आणि भाकऱ्या थापायला लक्ष्मी आहे तिचा पगारही मीच देते. नवऱ्याचा या खाणावळीशी संबंध एवढाच की दुपारी जेवायला यायचं, आणि जेवून झालं की गल्ल्याजवळ उभं राहून गिऱ्हाइकांना विचारायचं, "कसां काय, जेवण बरां आसा मां?" विचारण्याचा थाट असा, की गिऱ्हाइकं पैसे त्यांच्या हातात द्यायला जायची.

बाकी वेळ हे नियोजन करत. आधी खेकडे पाळायचं नियोजन केलं. खेकडे यायच्या आधी पाटी रंगवून घेतली, ती अजून गोठ्यात उभी आहे. मग होमस्टे. मग काजूच्या बोंडांपासून काहीतरी, ते काय हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. नियोजनाला खर्च नसतो म्हणून मी गप्प असायची. पण हायवे चौपदरी झाला, ह्यांच्या वाट्याची जमीन त्यात गेली आणि भरपाईचे पैसे खात्यावर आले. त्या दिवसापासून ह्यांचं चालणंच बदललं. दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायला लागले.

अशा माणसांचा वास कंपन्यांना कसा लागतो, देव जाणे. पण लागतो.

कंपनीचं नाव 'आवशीचो घास'. आवशीचो म्हणजे आईचा. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी बांगडा साफ केला नसेल, त्या लोकांनी पुण्यात बसून आमच्याच भाषेतलं नाव लावलं आणि आमचंच जेवण आम्हाला विकायला आणलं. त्यांचा माणूस अजय सर. प्रत्येकाच्या नावापुढे 'जी' लावायचा. सुशांतजी, विनीताजी. नमुना म्हणून त्याने मालवणी मसाल्याचं पाकीट आणलं होतं. मी हुंगून बघितलं आणि शिंकसुद्धा आली नाही. ज्या मसाल्याने शिंक येत नाही तो मसाला कसला, विटकरीचा चुरा तो.

माझ्याच खाणावळीत, माझंच सुरमईचं ताट पुढ्यात घेऊन, त्याने आम्हाला योजना समजावली. एका दुकानाची फी तीन लाख. पण सुशांतजींसारख्या माणसाने एक दुकान घेऊच नये. पाच घ्यावीत. पाचांची फी आधीच एकदम भरायची, पंधरा लाख, तिला म्हणायचं डेव्हलपमेंट फी. मग जसजसं एकेक दुकान उघडेल तसतशी त्या दुकानाची फी त्यातून वळती होईल. आणि बदल्यात अख्खा सिंधुदुर्ग सुशांतजींचा. दुसऱ्या कोणाला कंपनी या जिल्ह्यात पाऊल ठेवू देणार नाही.

"एकच घेवक काय हरकत आसा?" मी ह्यांना विचारलं. "चललां तर दुसरां घालूया."

उत्तर अजय सरने दिलं. "विनीताजी, एक दुकान चालवणारा दुकानदार असतो. पाच चालवणारा डेव्हलपर असतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. डेव्हलपर! काजूची बोंडं टोपलीत भरताना ज्याला धाप लागते, तो माणूस खुर्चीत दोन इंच वर सरकला होता.

"आणि पाच उघडली नाहीत तर?" मी मुद्दाम ऑफिसातल्या मराठीत विचारलं.

"निगेटिव्ह विचार कशाला, मॅडम?" अजय सर हसला आणि सोलकढी मागितली. विनीताजीची मॅडम झाले तेव्हाच मी काय ते समजले.

रात्री घरी हे म्हणाले, "पयलां दुकान आपल्याच खाणावळीत घालूया. जागा तयार आसा, गिराईक तयार आसा."

"आपल्या नाय, माझ्या," मी म्हटलं. "आणि माझ्या चुलीर त्या विटेच्या चुऱ्याचां कालवण शिजूचां नाय. तुमका व्हया तर हायवेर पाटी घेवन उबे रवा."

तो विषय तिथे संपला, असं मला वाटलं होतं. ह्यांनी कंपनीच्या अर्जात 'अनुभव' या रकान्यात काय लिहिलंय ते मला पुढे कळलं. तळेऱ्याच्या नाक्यावरची खाणावळ आपण पंधरा वर्षं स्वतःच्या मालकीने चालवतो, असं लिहिलं होतं. पंधरा वर्षांत ह्यांनी तिथे एक ग्लाससुद्धा विसळला नव्हता.

तरी बरं, मनात थोडी धाकधूक ह्यांनाही होती. पैसे बुडतील की काय अशी. शहाणा माणूस अशा वेळी वकिलाकडे जातो. माझा आतेभाऊ मंगेश कणकवलीला वकील आहे, चहाच्या पैशांत कागद वाचून दिला असता त्याने. पण हे गेले परशुरामकाकांकडे. परशुरामकाका आमच्या गावचे गावकार, रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते. आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलाला दुबईला पाठवायचं असो, गावकार मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगतो, आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक बोलण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या 'व्हय'ला आमच्या माणसांच्या लेखी स्टॅम्पपेपरपेक्षा जास्त वजन. देवळात व्हय म्हणून मग उलटला, असा माणूस गावात पुन्हा वर मान करून फिरत नाही. ह्यांनी काय केलं, तर अजय सरलाच देवळात बोलावलं.

अजय सर आनंदाने आला. बूट बाहेर काढले, कपाळाला गंध लावून घेतलं, आणि मोबाइल उभा धरून शूटिंग सुरू केलं.

परशुरामकाकांनी नारळ हातात घेतला. "बा रवळनाथा म्हाराजा! आज हो तुजो सुशांत पाच दुकानां घालूक भायर पडलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेच्या हाताक येस दी, आणि कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती उतरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पाचातलां एकादां दुकान जर का नाय उगडलां, तर तेचो पैसो जसोच्या तसो कंपनीकडसून तेका परत मिळांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी सगळ्यांत मोठा आवाज अजय सरचा होता. हात वर करून ओरडला. त्याच्या रीलला तेवढाच जोर आला असणार.

आमचे हे देवळातून बाहेर पडले ते रजिस्ट्री करून आल्यासारखे. "आयकलंस मां? देवासमोर व्हय म्हटल्यान. आता कागद कित्याक वाचूचो?"

"तो कशाक व्हय म्हणता ह्यां तेका तरी म्हायत आसा काय?" मी म्हटलं.

"तुका देवाचोय इश्वास नाय," हे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पंधरा लाख भरून मोकळे झाले. कागदांची चळत इंग्रजीत होती. ह्यांनी प्रत्येक पानावर सही केली, आणि सही करताना जीभ किंचित बाहेर काढली, शाळकरी मुलासारखी.

पुढचं सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा घेत पाहिलं. पहिलं दुकान वैभववाडीला, स्टेशनच्या रस्त्यावर. आत एसी, भिंतीवर होडीचं चित्र, आणि वाढप्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या टोप्या. कंपनीचा नियम असा की बारा महिने तेरा काळ तेच मेन्यूकार्ड. श्रावणात, सोमवारी, संकष्टीला वैभववाडीत मासे कोण खाणार? दुकान उघडं, एसी चालू, आणि आमचे हे टोपी घालून रिकाम्या टेबलांकडे बघत. चतुर्थीला घरी पाच दिवस गणपती, पण दुकान बंद ठेवलं तर दंड. म्हणून आरती सोडून हे एसीत जाऊन बसले. असा डेव्हलपर!

दुसरं दोडामार्गला काढायचं होतं. तिथली निम्मी कामाची माणसं सकाळी गोव्याला जातात, ती मासे खायला परत येऊन ह्यांचं दार ठोठावणार होती म्हणे. जागाच ठरेना. तिसरं कुडाळला. तिथे गाळा मिळाला, अगदी रस्त्यावर, भाडंही बरं. पण आमच्या कोकणात एका गाळ्याच्या सातबारावर एक नाव असेल तर तो चमत्कार समजावा. सतरा हिस्सेदार निघाले. सोळांनी सह्या दिल्या. सतराव्याचं गाळा देणाऱ्या हिस्सेदाराशी आंब्याच्या झाडावरून भांडण. झाड गेल्या पिढीत तोडलं होतं, भांडण जिवंत होतं. त्याने सही दिली नाही ती नाहीच.

मी दुपारी ताट वाढताना रोज विचारायची, "डेव्हलपर, आज खंयचां दुकान उगडलां?" लक्ष्मी तोंडाला पदर लावून हसायची. हे मान खाली घालून आमटी ओरपायचे.

वर्षभरात तीन दुकानं उघडायची असा कागदावरचा करार होता. एक उघडलं होतं, तेही शेवटचे श्वास मोजत होतं. कंपनीचा मेल आला. वेळापत्रक पाळलं नाही, सबब जिल्ह्याचे हक्क रद्द. उरलेल्या चार दुकानांची डेव्हलपमेंट फी कंपनीकडे जमा, परत मिळणार नाही. वैभववाडीची पाटी पंधरा दिवसांत उतरवा.

ह्यांनी अजय सरला फोन लावला, स्पीकरवर. "सर, तुमी देवासमोर व्हय म्हटलात!"

अजय सर म्हणाला, "सुशांतजी, ते कल्चरल होतं ना?"

"पैसे परत देणार म्हणून व्हय म्हणालात तुम्ही. शूटिंग आहे तुमच्याकडे." हेही आता ऑफिसातल्या मराठीवर आले.

"अहो, सगळेच म्हणत होते," अजय सर म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

हे त्या संध्याकाळी परशुरामकाकांकडे गेले. काका म्हणाले, "मी देवाक सांगलंय. कंपनीक सांगूक माका इंग्लिश खंय येता?" मला हे ऐकून इतकं हसू आलं की हातातली पळी खाली ठेवावी लागली. बारा लाख गेले होते आणि मी हसत होते. पण पैसे ह्यांचे होते, माझं काय जाणार होतं?

माझं काय जाणार होतं ते महिन्याभरात कळलं. दुसरी नोटीस आली, आणि ती खाणावळीबद्दल होती. करारात आणखी एक कलम होतं. हक्क रद्द झाल्यावर दोन वर्षं सही करणाऱ्याने या जिल्ह्यात असल्या जेवणाचा धंदा मालक, भागीदार किंवा चालक म्हणून करायचा नाही. आणि सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की तळेऱ्याची खाणावळ त्याच्या मालकीची. तेव्हा ती बंद करा, नाहीतर कोर्टात या.

त्या रात्री चूल विझवून मी लायसन्सवरचं माझं नाव पुन्हा वाचलं. लोकांना वाटतं खाणावळ म्हणजे काय, चार टेबलं आणि एक चूल. पण लग्न होऊन आले तेव्हापासून स्वतःचं म्हणावं असं एवढंच एक होतं माझ्याकडे. ते ह्या माणसाने एका रकान्यात लिहून घालवलं होतं.

मंगेशने सगळे कागद वाचले, वर्षभर उशिराने. "ताई, लायसन्स तुज्या नावार आसा, ह्यां बरां. पण भावजींनी लिवन दिलेलां आसा. आपण असां दाखवूक व्हयां की ती चूक होती. भावजी हंय मालक नाय, भागीदार नाय, चालकय नाय. पगारी नोकर. नोकराक कलम लागणा नाय."

"नोकर," हे म्हणाले.

"वाढपी," मी म्हटलं. "दाखवूक कशाक, होवंदे. उद्यापासून लुंगी बदलून या."

आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, टेबलं पुसली, ग्लास विसळले, पगारपत्रकावर सही केली. पहिल्या दिवशी तीन ग्लास फोडले. मी त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं, लक्ष्मीसमोर, गिऱ्हाइकांसमोर. "डेव्हलपर, पाच नंबराक भात डेव्हलप करा!" माणसं हसायची. कंपनीला उत्तर पाठवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की झालं हे बरंच झालं.

मग एका दुपारी अजय सर स्वतः आला. गोव्याकडे चालला होता, वाटेत पाहणी करायला थांबला. पाच नंबरवर बसला आणि मोबाइल ग्लासला टेकवून उभा केला. कॅमेरा गल्ल्याकडे, जिथे मी बसले होते.

"रेकॉर्ड करतोय, मॅडम. कंपनीला दाखवावं लागतं," तो म्हणाला. "सुशांतजी इथे नोकरीला आहेत ना?"

"हो."

"मग त्यांना पाणी आणायला सांगा ना." तो हसत होता. "मालकीण नोकराला सांगते तसं."

हे मोरीजवळ उभे होते, ओला फडका खांद्यावर. माझ्याकडे बघत होते.

आमच्याकडे बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. शहरात मारतात, माझी भाची तन्वी मारते, त्याचं काही नाही. पण मी पंधरा वर्षांत ह्यांचं नाव चारचौघांत एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या उखाण्यात. काय वाटेल ते बोलले असेन, पण 'तुमी' म्हणून बोलले. डेव्हलपर म्हटलं तरी पुढे 'करा' म्हटलं. नोकराला कोणी 'तुमी' म्हणत नाही. अजय सरला हे ठाऊक होतं की नाही मला माहीत नाही, पण माझ्या तोंडून 'अहो' आलं असतं तर खाणावळ त्या मोबाइलमध्ये गेली असती, एवढं मला दिसत होतं.

इतकी वर्षं ज्या माणसाला टाकून बोलायला मला कधी शब्द शोधावा लागला नाही, त्याला त्या दिवशी एक हाक मारायला ते नाव मनात दोनदा म्हणून बघावं लागलं.

"सुशांत," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "सुशांत, पाच नंबराक पाणी दी रे."

लक्ष्मीच्या हातातली भाकरी थांबली.

"व्हय, बाय," हे म्हणाले. जग घेऊन गेले, ग्लास भरला. अजय सरने टेबलावर दोन थेंब सांडलेले दाखवले आणि नुसतं बोट हलवलं. ह्यांनी वाकून पुसलं. मग त्याने बोटं वाजवली, म्हणाला, "ए, लिंबू आण जरा." ए म्हणाला. गाऱ्हाण्यात ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता त्याला.

लिंबू आणून दिलं. मी गल्ल्यावर बसून राहिले. उठून त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं, माझ्या नवऱ्याला ए म्हणतोस, असं ओरडावं असं इतकं वाटलं की मी गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. माझ्या नवऱ्याला, असंच म्हणायचं होतं मला. आणि तेच म्हणायची सोय नव्हती. त्याला बोलायचा हक्क फक्त माझा आहे असं मी समजत आले होते. तो हक्क मीच रस्त्यावर मांडून ठेवला होता, रोज, गिऱ्हाइकांसमोर, आणि आता कोणीही यावं आणि घ्यावा.

अजय सर जेवला, बिल दिलं, म्हणाला, "ठीक आहे, रिपोर्ट देतो. चूक झाली असेल लिहिताना." गाडी देवगडच्या फाट्यावरून वळून हायवेला लागली. खाणावळ राहिली.

मी उठले. सुरमईची सगळ्यांत जाड तुकडी रव्यात घोळून कुरकुरीत तळली, ताट वाढलं आणि पंख्याखालच्या टेबलावर ठेवलं. "जेवा आता," मी म्हटलं. "हंय बसा."

ह्यांनी ताट उचललं. "हंय नको. मागे बसतंय, लक्ष्मी बसता थंय."

"गेलो तो. आता कोण बगता?"

"परत येयत. नायतर दुसरो कोण तरी येयत." ह्यांनी ताटातली वाटी सावरली. "दोन वर्सां आसत गो. मी हंय बसलेलो कोणी बगल्यान तर खाणावळ जायत तुजी."

तुजी म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, आणि कुठलाही आव न आणता, ताट सांभाळत मागे गेले. मोरीशेजारच्या फळीवर बसून जेवायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पाच नंबरवर दोन माणसं येऊन बसली, ट्रकवाले असावेत. एकाने रिकामा ग्लास टेबलावर आपटला. "ओ ताई, पाणी पाठवा!" मागे फळीवरून हे उठायला लागलेले मला दिसले, हात अर्धवट ताटात.

"बसा तुमी," मी म्हटलं, आणि जग घेऊन मीच गेले.